न दिलेला बोनस

"हा फोटो नको," मी म्हणाले.

महालिंगप्पांनी मोबाइल माझ्यासमोर धरला होता. रविवारच्या फ्लेक्सचा नमुना होता तो. वर 'बालाघाट कबड्डी लीग, महाअंतिम सामना', मध्ये करंडक, दोन्ही बाजूंना संघमालकांचे हसरे चेहरे आणि खाली कोपऱ्यात, झेंडूच्या माळेत, माझे वडील. फोटो गेल्या वर्षीच्या फायनलचा होता. मूळ फोटोत नाना गुडघ्यावर वाकलेले आहेत. इथं त्यांचा चेहरा तेवढा कापून, फिरवून सरळ केला होता. त्यामुळे कुणीतरी कान धरून उभं केल्यासारखे ते दिसत होते.

"मग दुसरा द्या एखादा."

"दुसराही नको. फ्लेक्सवर फोटोच नको."

"असं कसं ताई? मान करायलाव आमी."

महालिंगप्पा उमरग्याचे. हायवेला त्यांचं खडी क्रशर आहे, आणि 'उमरगा बुल्स' हा संघ त्यांचा. सोबत आलेले आण्णासाहेब लीगचे अध्यक्ष. निवृत्त मुख्याध्यापक, त्यामुळे समोरचा माणूस बाकावर बसलाय असं धरूनच ते बोलतात. नानांना जाऊन अडीच महिने झाले होते. तेव्हा दोघांपैकी कुणीही लोहाऱ्याला आलं नव्हतं. आज आले, तर मी चहा ठेवला नाही. आमच्याकडे भांडायला आलेल्यालाही आधी चहा विचारतात. मी पाणीसुद्धा त्यांनी मागितल्यावर दिलं.

"हे बघ अयोध्या," आण्णासाहेब म्हणाले, "तू शिकलेली मुलगी, कॉलेजची लायब्ररी सांभाळतेस. तुला जास्त सांगायला नको. रविवारी पाच वाजता यायचं, स्टेजवर शाल-नारळ घ्यायचा, दोन मिनिटांचं काम. गाडी पाठवतो."

"पंच अडून बसलेत म्हणून आलात ना?"

दोघांनी एकमेकांकडे बघायचं टाळलं. जिल्ह्यातल्या सातही पंचांनी लीगला लिहून दिलं होतं, की लिंबाजी गडदे यांच्या घरच्यांचा मान केल्याशिवाय फायनलला शिट्टी वाजणार नाही. वैजनाथकाकांनी मला आदल्या दिवशीच फोनवर सांगितलं होतं. ते आणि नाना बावीस वर्षं मैदानाच्या दोन बाजूंना समोरासमोर उभे राहिले होते.

"पंचांचं काय," महालिंगप्पा म्हणाले, "कर्नाटकातून सात आणीन. पर घरच्या लग्नाला भटजी घरचाच बरा."

"घरच्या भटजीला तुमच्या गावात काय म्हणत होते?"

"लोकांच्या तोंडाला काय कुलूप हाय का? आमी कवा म्हणलो?"

मी म्हणाले, "मी येते. माझी एक अट आहे. नानांनी काही घेतलं, ते विकले गेले, असं स्टेजवरून कुणी म्हणायचं नाही. सरळ नाही, आडून नाही, गमतीतही नाही."

"आता कोण म्हणंल?"

"तुम्ही दोघं शब्द द्या."

आण्णासाहेबांनी दिला. महालिंगप्पांनी मान हलवली, तो होकार होता की मानेला लागलेली सवय ते कळलं नाही. दारात चपला घालताना ते आण्णासाहेबांना म्हणाले, मला ऐकू जाईल इतक्या मोठ्यानं, "बापावर गेलीया. एक पॉइंट सोडत न्हाय."

नाना लोहाऱ्याच्या एसटी स्टँडवर वाहतूक नियंत्रक होते. लोकांच्या भाषेत कंट्रोलर. आधी एकोणीस वर्षं कंडक्टर आणि मग जाळीच्या खिडकीमागे पंधरा वर्षं. गाड्यांच्या नोंदी, भोंग्यावरून पुकारा, फळ्यावर खडूनं वेळा. रजा घेतली ती फक्त सामन्यांसाठी. माझ्या बारशालाही ते कुठल्याशा तालुक्याला पंच म्हणून गेले होते, असं आई शेवटपर्यंत सांगायची, आणि सांगताना हसायची नाही. त्यांनी स्वतः कबड्डी खेळलेली मला आठवत नाही. त्यांना खेळापेक्षा नियम आवडायचा. तो लोकांना समजावून सांगायला मात्र आवडायचं नाही.

बोनसचा नियम सोपा आहे. समोर सहा किंवा सात गडी असतील, तर चढाई करणाऱ्यानं एक पाय बोनस रेषेपलीकडे टेकवायचा, आणि त्याच क्षणी त्याचा मागचा पाय हवेत हवा. मागचा पाय जमिनीला असेल, तर गुण नाही. हे सगळं पापणी लवायच्या आत होतं. पंचाला ते दिसतं, किंवा दिसत नाही.

मातीच्या मैदानावर मात्र ते झाल्यावरही दिसतं. मागचा पाय टेकलेला असेल तर टाचेचा खळगा राहतो. उचललेला असेल तर चवड्यानं माती मागे फेकलेली असते. नाना शंका आली की गुडघ्यावर बसायचे, मातीवरून बोट फिरवायचे आणि मग उठून हात करायचे. या जिल्ह्यात त्यांच्या त्या बसण्यावर कधी कुणी वाद घातला नव्हता. गडी थांबायचे. प्रेक्षक तेवढ्यात बिड्या पेटवून घ्यायचे.

गेल्या वर्षी जानेवारीत मी त्यांना उमरग्याला डोळ्यांच्या दवाखान्यात नेलं होतं. ते फळ्यावर गाड्यांच्या वेळा एकमेकींवर लिहायला लागले होते. डॉक्टर म्हणाले, उजव्या डोळ्यात मोतीबिंदू पिकत आलाय, डाव्यातही धरलाय, वीस तारखेला या. फायनल दोन फेब्रुवारीला होती.

परतीच्या गाडीत नाना खिडकीशी बसले होते. नारंगवाडी गेल्यावर म्हणाले, "फायनल होऊ दे, अयो. हिरवी पट्टी बांधलेला पंच कोण उभा करंल?"

"दिसतं का तुम्हाला नाना? खरं सांगा."

"मातीवर दिसतं."

"कसं दिसतं?"

त्यांनी उजव्या हाताची दोन बोटं अंगठ्यावर घासली. उत्तर तेवढंच.

मला तेव्हाच कळलं होतं, की वर्ष-दीड वर्ष ते बहुतेक गोष्टी बोटांनी बघतायत. मी हेही जाणत होते, की लीगचे सगळे सामने गावोगावच्या मातीत झाले असले तरी फायनलला हैदराबादहून भाड्यानं मॅट येणार आहे. तरीही दवाखान्यात फोन करून तारीख पुढे ढकलली ती मी. पंच म्हणून ते त्यांचं शेवटचं वर्ष होतं. इतकंसं काय होणार, असं मला वाटलं होतं. हे वाक्य मी नंतर फार वेळा स्वतःशी म्हटलंय.

त्या दिवसाचा व्हिडिओ अकरा सेकंदांचा आहे. उमरगा बुल्स आणि अणदूरचा संघ, एकतीस-एकतीस. शेवटची चढाई, समोर सहा गडी. तौफिक नावाचा उमरग्याचा मुलगा रेषेच्या टोकाकडे सरकतो, त्याचा डावा पाय पलीकडे टेकतो, तो गर्रकन वळून परत येतो आणि छाती बडवतो. वेळ संपते. सगळं उमरगा उठून उभं राहतं. नाना हात वर करत नाहीत. ते दोन पावलं पुढे येतात, गुडघ्यावर बसतात आणि निळ्या मॅटवरून बोट फिरवतात.

मॅटवर काही नसतं. रबरच ते. व्हिडिओत इथं हशा ऐकू येतो. मग नाना उठतात आणि आडवा हात करतात. गुण नाही.

बरोबरी झाली म्हणून पाच-पाच चढाया झाल्या आणि त्यात अणदूर एका गुणानं जिंकलं. जिंकलेल्या संघातले दोन गडी पुण्याच्या मोठ्या निवडीला जाणार होते. ते अणदूरचे गेले. तौफिक पुन्हा उमरगा-लोहारा काळीपिवळी चालवायला लागला.

मग सुरू झालं. पहिल्या आठवड्यात स्टँडच्या फळ्यावर कुणीतरी गाड्यांच्या वेळांखाली लिहिलं, 'अणदूर – भाडं कंट्रोलरनं आधीच घेतलंय.' नानांनी ते ओल्या फडक्यानं पुसलं आणि त्या जागी सोलापूरची वेळ लिहिली. पोरं खिडकीशी येऊन विचारायची, "नाना, गाडीनं पाय उचललाय का, बगा की वाकून." लोक हसायचे. ज्यांची मुलं नानांनी पासाशिवाय शाळेला सोडली होती, तेही हसायचे. जिल्ह्याच्या पंचांच्या यादीतून त्यांचं नाव काढलं. मे महिन्यात निवृत्तीच्या दिवशी डेपोचे साहेब आलेच नाहीत. हार क्लार्कनं घातला आणि घालता घालता विचारलं, "खरं काय व्हतं वो नाना?"

एकदा मीच चिडून म्हणाले, "सांगून टाका ना, की डोळ्याला दिसलं नाही. हे असलं ऐकून घेण्यापेक्षा!"

ते जेवत होते. घास खाली ठेवून म्हणाले, "जे दिसलं न्हाय ते द्यायचं न्हाय. म्या दिलं न्हाय. त्यात काय चुकलं?"

"पण विकला म्हणतात तुम्हाला."

"ते खोटं हाय. खोटं वाळून गळून पडतं. डोळ्याचं खरं हाय. ते एकदा का चिकटलं, की मागचे सगळे निकाल बी लोकं उकरून काढतील. दोन पिढ्यांचे हाय ते."

ऑपरेशन त्यांनी केलंच नाही. पट्टी बांधली असती तर लोकांनी दोन आणि दोन चार केले असते. आणि खोटं गळून पडलं नाही. नाना चुकले ते इथं. ते खोटं त्यांच्याबरोबर नोव्हेंबरपर्यंत राहिलं. एका सकाळी दाढी करता करता ते खाली बसले ते उठले नाहीत. डावा गाल झाला होता, उजव्याला साबण तसाच होता. तो मी पुसला. तिसऱ्या दिवशी, राख सावडायला गेलेल्यांपैकी कुणीतरी दुसऱ्याला म्हणालं, "शेवटी काय घेऊन गेला?" आणि मागून येणारे आमचे शेजारी ते मला घरी येऊन सांगायला विसरले नाहीत.

रविवारी मी त्यांची गाडी घेतली नाही, एसटीनं गेले. मैदान उमरग्यात, हायवेला लागूनच आहे. ट्रकचे हॉर्न भोंग्यांच्या आवाजात मिसळत होते. उतरतं ऊन मॅटवर तिरपं पडलं होतं. एका बाजूला बुल्सचे लाल झेंडे, समोर अणदूरकर भंडाऱ्यानं पिवळे झालेले. यंदाही तेच दोन संघ. बायकांसाठी एका कडेला जाजम टाकलं होतं. मी फाटकातून आत जात असताना कुणीतरी ओळखलं.

"कंट्रोलरची पोरगी आली रं!"

"ह्यावेळंला कुणाकडून?"

एकानं मॅटच्या कडेला गुडघ्यावर बसून जमिनीवर बोट फिरवलं. आजूबाजूचे पोट धरून हसले. तो पुन्हा बसला, कारण मागच्यांना दिसलं नव्हतं.

स्टेजच्या पायऱ्यांपाशी वैजनाथकाका होते, पांढऱ्या कपड्यांत. "मान खाली घालू नको," ते म्हणाले. "आपल्या सातही जणांनी आज तुझ्या बापासाठी शिट्टी रोखून धरलीया. वर जा, शाल घे, खाली ये. बाकी काय ऐकायचं न्हाय."

आण्णासाहेबांनी शब्द पाळला. 'ज्येष्ठ पंच कैलासवासी लिंबाजी गडदे यांच्या सेवेचा गौरव' एवढंच ते म्हणाले आणि सगळ्यांना एक मिनिट उभं केलं. तेवढ्या मिनिटात लाल झेंड्यांमधून दोनदा शीळ आली. मग शाल माझ्या खांद्यावर टाकताना महालिंगप्पांनी दुसऱ्या हातानं माइक घेतला.

"उमरगेकरांचं मन मोठं हाय," ते म्हणाले. टाळ्या पडल्या. "गेल्या साली आपल्या हातचा करंडक गेला. कसा गेला, कुणामुळं गेला, सगळ्यांना ठावं हाय. पर लिंबाजी कंट्रोलर गरीब माणूस व्हता. गरिबाला कुणीबी भुलवतं. मेलेल्या माणसाबद्दल आमी वाईट बोलणार न्हाव. आमी माफ केलं!"

लाल बाजूला शिट्ट्यांचा पाऊस पडला. पिवळी बाजू उठली. "कुणी भुलवलं? नाव घे की!" एक पाण्याची बाटली मॅटवर येऊन पडली. आण्णासाहेब माझ्याकडे न बघता हात पसरून दोन्ही बाजूंना बसवत होते. मी महालिंगप्पांकडे पाहिलं. त्यांनी नारळ पुढे केला आणि हळू आवाजात म्हणाले, "आडून न्हाय, सरळ न्हाय. माफच केलंय की."

मी नारळ घेतला नाही. माइक घेतला. त्यांना वाटलं, आभार मानणार.

उभी राहिले तेव्हा माझ्याजवळ दोनच वाटा होत्या. गप्प बसून शाल घेऊन खाली उतरले, तर माझे वडील या जिल्ह्यात कायमचे विकले गेलेले राहणार होते, आता तर माफीसह. आणि बोलायचं, तर जे त्यांनी मरेपर्यंत झाकलं तेच उघडं करायचं होतं. त्यांची परवानगी घ्यायला ते नव्हते. मी फार वेळ घेतला नसावा, कारण गोंगाट थांबला नव्हता.

"माझ्या वडिलांच्या दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू होता," मी म्हणाले. भोंग्यातून माझाच आवाज मैदानावरून परत आला. "ऑपरेशनची तारीख वीस जानेवारी होती. फायनल झाल्यावर करू म्हणून ती मी पुढे ढकलली. तौफिकचा पाय उचललेला होता की नाही, ते मला माहीत नाही. त्यांना तो दिसला नाही. न दिसलेला गुण द्यायचा नाही, म्हणून त्यांनी दिला नाही. त्यांनी कुणाकडून काही घेतलेलं नव्हतं. उभं राहायला नको होतं, ते उभे राहिले. माफ करायचं असेल तर ते करा. आणि ते मलाही करा."



मग लाल बाजूच्या मागून एक आवाज, "आंधळा पंच!" आणि हशाचा लोंढा. पिवळ्या बाजूचे हसले नाहीत, पण त्यांच्यात कुजबुज सुरू झाली. त्यांनी जिंकलेला करंडक आंधळ्यानं दिलेला ठरत होता. एक म्हातारा ओरडला, "मग दोन हजार दोन साली आमच्या लोहाऱ्याच्या संघाला हरवलं तवा दिसत व्हतं का?" नाना म्हणाले होते तसंच. उकरायला एक मिनिटसुद्धा लागलं नाही.

मी शाल घडी करून खुर्चीवर ठेवली आणि उतरले. पायऱ्यांपाशी वैजनाथकाका तसेच उभे होते. त्यांचा चेहरा पडला होता.

"हे कशापायी सांगितलंस?"

"काका, त्यांनी शब्द मोडला."

"ते मोडणारच व्हते. तुला मान घ्यायला बोलावलं व्हतं, बापाचं झाकण उघडायला न्हाय." आणि मग, "आता आमच्या सात जणांचे बी डोळे तपासायला निघतील. अन् मला बावीस वर्षांत एकदा बी सांगितलं न्हाय त्यानं. मला!"

ते रागानं चालू लागले. त्यांची चूक नव्हती. मी स्टेजमागून फाटकाकडे निघाले. तिथं बुल्सचे गडी गुडघ्यांना पट्टे चढवत होते. एक उठून वाटेत उभा राहिला. व्हिडिओतला चेहरा होता, फक्त थोडा उतरलेला.

"तुमी सांगायचं नव्हतं ताई," तौफिक म्हणाला.

"तू तरी नको बोलूस. तुझं साल गेलं, मला माहीत आहे."

"न्हाय, तसं न्हाय. नानांनी माज्याकडून कसम घेतली व्हती, कुणालाच सांगायचं न्हाय म्हणून. अन् तुमीच सांगितलं."

मला आधी समजलंच नाही. "कसली कसम?"

"फायनलच्या दुसऱ्या दिवशी पहिल्या गाडीनं आले ते. युनिफॉर्मवर. आमच्या दारात बसले. म्हणाले, 'तौफिक, तुजा पाय मला दिसला न्हाय. डोळा गेलाय माझा. तू उचलला व्हतास का?' म्या म्हणलं, व्हय, उचलला व्हता. तर म्हणाले, 'मग तुझा पॉइंट माझ्याकडं राहिला.'"

त्या दिवशी नानांची साप्ताहिक सुटी होती. स्टँडवर चक्कर मारून येतो म्हणाले होते.

"म्हणजे तुला वर्षभर माहीत होतं," मी म्हणाले. "लोक त्यांना विकला म्हणत होते. तू त्याच स्टँडसमोर गाडी लावायचास. आणि तू गप्प होतास?"

"कसम व्हती."

"नुसती कसम?"

त्यानं गुडघ्याचा पट्टा दोनदा ओढला. "खोटं कशाला बोलू. लोकं त्यांना बोलायचे तवा बरं वाटायचं मला. माझं समदं गेलं व्हतं ताई. त्यांचं बी थोडं जावं, असं वाटायचं." तो माझ्याकडे बघत होता, मान खाली न घालता. "नोव्हेंबरात कळलं गेले म्हणून. त्या दिवशी गाडी न्हाय काढली. बस, इतकंच केलं."

त्याला मारावंसं वाटलं. त्याच वेळी हेही वाटत होतं, की सगळ्या मैदानात माझ्याशी खरं बोललेला हा एकटाच. आतून कुणीतरी त्याला हाक मारली आणि तो धावत गेला.

मी फाटकापर्यंत पोचले होते. जाजमाच्या टोकाला बसलेल्या एका म्हाताऱ्या बाईनं माझं मनगट धरलं. डोक्यावरून पदर, हातात हिरव्या बांगड्या, पकड खडी फोडणाऱ्या बाईसारखी.

"लिंबाजीची ना तू? म्या तौफिकची माँ. अजीजाबी."

"सोडा मावशी. मला जायचंय."

"सोडते. आधी ऐक. तुझा बाप आला व्हता ना दारात, म्या चप्पल उचलली व्हती. हां. शेजारच्या बायका बगायल्या व्हत्या. त्यानं काय केलं ठावं हाय? डोकं खाली केलं. मार म्हणला न्हाय, मारू नको म्हणला न्हाय. नुसतं डोकं खाली केलं. मग मारायला हात वर जाईना मेला." तिनं मनगट सोडलं नव्हतं. "म्या माफ केलं न्हाय त्याला. आज बी न्हाय. माझ्या पोराला पुण्याला जायचं व्हतं. पर ते महालिंगप्पा म्हणतंय तसलं काय केलं न्हाय तुझ्या बापानं, ते मला ठावं व्हतं, अन् म्या बी गप बसले. बैस."

"नको."

"बैस म्हणते ना. आता उठून गेलीस तर ही लोकं म्हणतील पळाली. मॅच बगून जा."

शेजारच्या बाईनं कपाळाला आठ्या घालून आमच्याकडे पाहिलं. अजीजाबींनी तिला कोपरानं सरकवलं, "हो की गे तिकडं, जागा काय तुझ्या सासऱ्याची हाय?" आणि जाजमावर हातभर जागा झाली. मी बसले.

मी आयुष्यात एकही कबड्डीचा सामना पूर्ण बघितला नव्हता. नाना मला कधी घेऊन गेले नाहीत आणि मी कधी मागे लागले नाही. आता शिट्टी झाली, आणि लाल बाजू एका आवाजात ओरडायला लागली. तौफिक पहिली चढाई घेऊन निघाला. अजीजाबी पुटपुटायला लागल्या. मागून एका पोरानं माझ्या डोक्यावर शेंगांची टरफलं टाकली. मी ती काढली नाहीत.

तौफिक रेषेच्या टोकाकडे सरकला तसं सगळं मैदान त्याच्या पायांवर वाकलं. मी तिकडे बघत नव्हते. रेषेच्या टोकाला, पांढऱ्या कपड्यांत, हात पाठीशी बांधून एक तरुण पंच उभा होता. मी त्याला ओळखत नव्हते. तो थोडा पुढे झुकला होता. उतरतं ऊन थेट त्याच्या तोंडावर होतं, कपाळावरचा घाम भुवईवरून डोळ्यात उतरत होता, आणि तो पुसायला त्यानं हात वर केला नाही.